बॅटरीवरची छोटी करवत : घ्यावी की न घ्यावी?

काशीच्या पंचगंगा घाटावरील मंगला गौरीच्या देवळाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत श्रावणातल्या मंगळवारी बायकांची रीघ लागते. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या भागांत कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. मंगळागौर आली, की त्यांच्या घरी सोळा प्रकारच्या पत्रीची आठवण होतेच. पत्री खुडायला दोन बोटे पुरतात. मात्र पावसाने गच्चीवरच्या कुंड्या माजतात, अंगणातला बेल शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो आणि जुन्या भिंतीतून पिंपळाचे रोप डोके वर काढते. मग घरात विषय निघतो छाटणीचा.

हल्ली या विषयावर एक तयार उत्तर मिळते. दीड-दोन हजार रुपयांपासून मिळणारी, बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी साखळी करवत. जाहिरातीत ती मनगटाएवढी फांदी लोण्यासारखी कापते. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पैसे मोजण्यापूर्वी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू.

अठ्ठेचाळीस किलोंपासून एका हातापर्यंत

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बनविली. तिचे वजन 48 किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन येथे जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे निरखले. ती डावी-उजवीकडे लाकूड कुरतडते, हे पाहून त्याने त्याच पद्धतीचे दाते असलेली साखळी तयार केली. त्या साखळीचा कारखाना 1947 मध्ये निघाला. आजच्या छोट्या करवतीची साखळीही त्याच वंशातली. आता मोठे इंजिन जाऊन लिथियमची बॅटरी आली आहे आणि साखळीची पट्टी चार ते सहा इंचांवर आली आहे.

आकड्यांची जादू

खोक्यावर बहुधा ‘48 व्होल्ट’, ‘88 व्होल्ट’ असे भारदस्त आकडे असतात. अशा बॅटरीत सहसा पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला प्रत्येक घट 4.2 व्होल्टचा, म्हणजे बेरीज 21 व्होल्ट. पाच-पाच घटांच्या दोन समांतर ओळी असल्या, तरी व्होल्टेज तेवढेच राहते, फक्त करवत जास्त वेळ चालते.

किती वेळ, तेही पाहू. दीड अँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण 27 वॅट-तास वीज मावते. फांदी कापताना मोटरने 300 वॅट घेतले, तर सलग पाच-सहा मिनिटांत बॅटरी संपते. दोन बॅटऱ्या मिळाल्या तरी दिवसभराचे काम त्यांवर होत नाही. अधूनमधून चार-दोन फांद्या कापायच्या असतील, तर मात्र ती पुरते.

कोणत्या फांदीला काय?

अंगठ्याएवढ्या फांदीला हातकात्री उत्तम. त्याहून थोड्या जाड फांदीला लांब दांड्याची कात्री. मनगटाएवढीला दुमडणारी हातकरवत, जी काही शे रुपयांत मिळते आणि बॅटरी मागत नाही. गच्चीवरच्या कुंड्या, तुळस, जास्वंद, पारिजातक एवढाच पसारा असलेल्या घराला यापलीकडे काही लागत नाही.

छोटी यांत्रिक करवत उपयोगी पडते ती दोन ते तीन इंच जाडीच्या पुष्कळ फांद्या असतील तेव्हा, किंवा मनगटे दुखत असल्याने हातकरवत ओढवत नसेल तेव्हा. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कात्रीनेच होते. तिथे वाळलेले जाड ओलांडे काढण्यापुरती ही करवत कामाची. काशीच्या आसपासचे लंगडा आंब्याचे जुने वृक्ष किंवा कोकणातले जुने हापूस यांच्या थोरल्या फांद्यांसमोर चार इंचांची पट्टी म्हणजे समुद्रासमोर घागर. भिंतीतला पिंपळ कापायला तर ती लावूच नये. साखळी दगड-विटांना लागली, की दाते क्षणात बोथट होतात आणि यंत्र हाताला हिसका देते.

खरा प्रश्न हाताचा

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की करवत उसळून चालवणाऱ्याकडे येते. मोठ्या करवतींना हे रोखणारा साखळीचा ब्रेक असतो. स्वस्त छोट्या करवतींत तो बहुधा नसतो. जे कुलूप-बटण असते, ते फक्त चुकून सुरू होणे टाळते. बोट काढल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते. एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात फांदी, हीच अपघाताची वाट.

म्हणून करवत दोन्ही हातांनी धरावी. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन कापू नये. चष्मा, घट्ट हातमोजे आणि बंद बूट घालावेत. पदर, ओढणी, मोकळे केस बांधून घ्यावेत. गल्लीतल्या विजेच्या तारांजवळ आणि पावसात तिला हात लावू नये. साखळी ताणताना किंवा साफ करताना आधी बॅटरी काढावी. बऱ्याच स्वस्त करवतींत तेल आपोआप येत नाही. ते हाताने घालत राहावे, नाहीतर पट्टी जळते.

बॅटरी रात्रभर लावून ठेवू नये आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर विसरू नये. घेताना बॅटरीवर भारतीय मानक 16046 चे नोंदणीचिन्ह आहे का, ते पाहावे. जादा साखळी व बॅटरी आपल्या गावात मिळते का, हेही विचारावे. ती मिळत नसेल तर स्वस्त यंत्र पहिल्याच मोसमात अडगळ होते.

झाडाचेही ऐकावे

जाड फांदी एका दमात कापू नये. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून थोडा काप द्यावा, मग जरा पुढे वरून कापावे. वजन गेल्यावर उरलेला खुंट काढावा. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल सोलत नेते. बुडाशी जी फुगीर वळी असते, ती राखावी. जखम तिथूनच भरून येते, हे अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी दाखवून दिले. फळबागेत कापावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावतात.

आणि कायदा विसरू नये. महाराष्ट्रातील शहरांत 1975 चा, तर उत्तर प्रदेशात 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. करवत स्वतःची असली, तरी मोठ्या झाडाला हात लावण्याआधी परवानगीची चौकशी करावी.

सारांश असा, की बाग मोठी, फांद्या मध्यम आणि चालवणारा सावध असेल, तर ब्रेक व सुटे भाग मिळणारी करवत थोडे जास्त मोजून घ्यावी. घरापुढे चार झाडे असतील, तर त्याच पैशांत चांगली कात्री, दुमडती करवत आणि हातमोजे येतात. उरलेल्या पैशांत पारिजातकाचे एक रोपही येईल.