‘तसला’ म्हणण्यापूर्वी : धम्म, कायदा आणि समलिंगी माणूस

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की मराठवाड्यातील बहुतेक खेड्यांप्रमाणे घनसावंगी तालुक्यातील आमच्या कुंभार पिंपळगावच्या परिसरातही, दिवसभर कपाशीत आणि तुरीत राबलेली माणसे सायंकाळी हातपाय धुऊन विहारात येतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, आणि बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आश्विनी पौर्णिमेपर्यंत भक्तिभावाने ऐकतात. परंतु विहाराच्या पायऱ्या उतरताच, गावातील एखाद्या अविवाहित व अबोल तरुणाविषयी ‘तो तसला आहे’ हे तीन शब्द दबक्या आवाजात उच्चारले जातात. या शब्दांत उघड शिवी नसते, स्पष्ट आरोपही नसतो. मात्र जेथे फिर्यादच बोलून दाखविली जात नाही तेथे कैफियत मांडण्याची सोयही उरत नाही, आणि म्हणूनच ‘तसला’ हा शब्द शिवीहून अधिक क्रूर आहे.

त्या शब्दामागे काही समजुती आहेत. त्यांतील काही अज्ञानातून आल्या आहेत, काही धर्माच्या नावाने रूढ झाल्या आहेत, आणि काहींना प्रदीर्घ काळ सरकारी कायद्याचाच आधार होता. त्या एकेक करून तपासणे हे मी धम्माचेच काम समजतो, कारण ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून खरी मानू नये, हा उपदेश तथागतांनी कालाम लोकांना केला होता.

गैरसमज १ : समलिंगी म्हणजेच तृतीयपंथी.

वस्तुस्थिती : या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या पुरुषाला पुरुषाविषयी, किंवा ज्या स्त्रीला स्त्रीविषयी, प्रेम आणि शारीरिक ओढ वाटते ती व्यक्ती समलिंगी होय. असा पुरुष स्वतःला पुरुषच मानतो आणि अशी स्त्री स्वतःला स्त्रीच मानते. याउलट, जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि अंतःकरणाला जाणवणारी स्वतःची ओळख ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्या तृतीयपंथी अथवा पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न कोणावर प्रेम करावे हा नसून आपण कोण आहोत हा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतंत्र मान्यता दिली, तर समलिंगी संबंधांचा निवाडा वेगळ्या खटल्यात, चार वर्षांनी झाला. दोघांच्या वाट्याला येणारी अवहेलना मात्र एकाच जातकुळीची आहे, आणि म्हणून त्यांचे लढे परस्परांच्या सोबतीने चालत आले आहेत.

गैरसमज २ : हा रोग आहे, आणि दोनाचे चार हात केले की तो बरा होतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले. आपल्या देशातील २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा असे सांगतो, की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी एखाद्याचे वर्तन जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली, औषधाने वा अन्य उपायांनी माणसाचा लैंगिक कल पालटविण्याचा प्रयत्न हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे जाहीर केले.

जो रोगच नव्हे त्यावर विवाह हे औषध कसे होईल? आईवडिलांच्या धाकाने बोहल्यावर उभा राहिलेला तरुण, आणि काहीही कल्पना नसताना त्याच्या घरी नांदावयास आलेली मुलगी, या दोघांच्याही आयुष्याची त्यात माती होते. पंचशीलांच्या दृष्टीने पाहिले तर येथे भंग होतो तो चौथ्या शीलाचा, आणि असत्याचा तो भार त्या तरुणाहून अधिक त्याच्यावर विवाह लादणाऱ्यांच्या माथी पडतो.

गैरसमज ३ : बुद्धधम्मात समलिंगी संबंध हे पाप आहे.

वस्तुस्थिती : हा मुद्दा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण पुष्कळ सज्जन माणसे येथेच अडतात. ‘कामेसु मिच्छाचारा वेरमणी’ हे गृहस्थाचे तिसरे शील कामविषयक दुराचारापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा होय. दुराचार म्हणजे काय, याचे विवरण मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात आहे. आई, वडील, भाऊ, बहीण अथवा नातलग यांच्या संरक्षणाखाली असलेली, दुसऱ्याची विवाहित, किंवा वाग्दानाची माळ घातलेली स्त्री, यांच्याशी केलेला व्यवहार तेथे दुराचार म्हणून सांगितला आहे. हे विवरण त्या काळच्या पुरुषप्रधान कुटुंबव्यवस्थेच्या भाषेत आहे हे खरे. पण त्याचा रोख विश्वासघातावर आणि दुसऱ्याला होणाऱ्या दुःखावर आहे, आणि पुरुषाच्या पुरुषावरील अथवा स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाचा त्या यादीत निर्देशही नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही व्यभिचाराचा त्याग आहे, आणि सर्व मनुष्यमात्र समान आहेत हे मानण्याची प्रतिज्ञाही आहे.

भिक्षूंची गोष्ट वेगळी. विनयपिटकातील पहिल्या पाराजिकाने भिक्षूला सर्वच मैथुनाचा मज्जाव केला आहे. त्यात स्त्रीशी केलेला संभोग क्षम्य आणि पुरुषाशी केलेला अक्षम्य असा भेद नाही. भिक्षूचे ब्रह्मचर्य गृहस्थाला लागू करून समलिंगी माणसाला दोषी ठरवावयाचे असेल, तर त्याच न्यायाने प्रत्येक विवाहित उपासकही दोषी ठरेल.

सत्य सांगावयाचे तर ते पूर्ण सांगावे. विनयात ‘पंडक’ नामक व्यक्तींना उपसंपदा नाकारलेली आहे. त्या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु आजच्या ‘समलिंगी’ या शब्दाशी तो समानार्थी नाही. उत्तरकालीन तिबेटी आचार्यांपैकी काहींनी समलिंगी संभोगाचा समावेश दुराचारात केला, हेही खरे. परंतु त्याच विनयात, एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाल्याचा प्रसंग आला असता, भगवंतांनी तिला पूर्वीचाच उपाध्याय आणि पूर्वीचीच ज्येष्ठता कायम ठेवून भिक्षुणीसंघात राहण्याची मुभा दिली, अशी नोंद आहे. देह पालटला म्हणून साधनेची वर्षे पुसली गेली नाहीत, हा त्या निर्णयाचा आशय मला फार मोलाचा वाटतो. आजच्या बौद्ध जगाकडे पाहावे, तर तैवानमध्ये २०१२ साली भिक्षुणी चाओ-ह्वेई यांनी दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध विधीने लाविला, त्या देशाने २०१९ मध्ये अशा विवाहांना कायद्याची मान्यता दिली, आणि बहुसंख्य बौद्ध असलेल्या थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून तसाच कायदा अंमलात आला.

गैरसमज ४ : हे पाश्चात्यांकडून आलेले शहरी खूळ आहे.

वस्तुस्थिती : बाहेरून आला तो दंड. मेकॉले यांच्या आयोगाने मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठरविली. ज्यांनी हे कलम लादले त्यांनी आपल्या घरी, इंग्लंड व वेल्समध्ये, १९६७ सालीच प्रौढ पुरुषांमधील खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. आपण मात्र तो वारसा पुढेही दीर्घकाळ सांभाळला. समलिंगी माणसे त्यापूर्वीही येथे होतीच. विनयाच्या नियमांत आणि वात्स्यायनाच्या कामसूत्रात अशा संबंधांचे उल्लेख आहेत, आणि ज्याचे अस्तित्वच नाही त्याविषयी कोणी नियम करीत नाही.

गैरसमज ५ : बाबासाहेबांच्या विचारांचा या प्रश्नाशी काही संबंध नाही.

वस्तुस्थिती : रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात वाचक आपल्या कामजीवनाविषयी निःसंकोचपणे प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राधारे उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समसंभोग यांविषयीच्या अशा प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली मुंबईत त्यांचे वकीलपत्र घेणारे बॅरिस्टर होते डॉ. भीमराव आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि ज्ञानाची वाट रोखून विकृती थांबत नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायासनासमोर मांडली. यावरून त्यांना आजच्या एखाद्या चळवळीचे प्रवक्ते ठरविणे उचित होणार नाही. परंतु ज्या विषयाचा उच्चार करावयास भले भले सुधारक कचरत होते, तेथे त्यांची पावले मागे सरली नाहीत, हे इतिहासात नमूद आहे.

दुसरा धागा याहून खोल आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ‘संवैधानिक नीतिमत्ता’ ही कल्पना पुढे ठेवली, आणि ती माणसाला उपजत येत नाही, ती प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते, असे बजावले. सत्तर वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ३७७ व्या कलमातून एकमताने मुक्त केले, तेव्हा बहुसंख्यांच्या नीतिकल्पनेहून संविधानाची नीती श्रेष्ठ होय, हाच त्या निकालाचा कणा होता. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर या माणसांची इतिहासाने क्षमा मागावयास हवी, असा अभिप्राय नोंदविला.

गैरसमज ६ : कलम गेले, आता सर्व हक्क मिळाले.

वस्तुस्थिती : तुरुंगाचे भय गेले, एवढेच निश्चित झाले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही, आणि हा प्रश्न संसदेकडे सोपविला. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त बँक खात्यास आडकाठी नसल्याचे आणि शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातील समजावेत, असे कळविले. वारसा, दत्तक आणि पती-पत्नी म्हणून मिळणारे अन्य हक्क अद्याप दूरच आहेत. आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ वे कलम मुळीच घेतलेले नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी त्या कलमात जी तरतूद शिल्लक होती, तीही त्याबरोबर गेली. संमतीचे प्रेम आणि बळजोरी यांतील भेद कायद्याने स्पष्ट सांगणे म्हणूनच निकडीचे झाले आहे.

गैरसमज ७ : हा मूठभरांचा प्रश्न; गावच्या राजकारणात त्याला स्थान नाही.

वस्तुस्थिती : जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो हुकूम रद्द करून तिला उभे राहण्याची मुभा दिली, आणि गावाने तिला निवडून दिले. आमच्या जालना जिल्ह्यातील माणूसही दाद मागावयास याच खंडपीठाच्या दारी जातो. भादलीचा प्रश्न समलिंगी व्यक्तीचा नसून पारलिंगी स्त्रीचा होता, हा भेद मी विसरलेलो नाही. परंतु ज्याला आपण कुजबुजीचा विषय समजतो त्याच्या बाजूने खेड्यातील मतदार मत टाकू शकतो, हे भादलीने दाखविले. आणि संख्येनेच हक्क ठरावयाचे असते, तर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कोणाच्या ओंजळीत आले असते?

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक् वाणीचे चार भाग सांगितले आहेत : असत्य बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये. ‘तो तसला आहे’ या तीन शब्दांनी हे चारही नियम एकदम मोडतात, आणि ते न उच्चारणे हे कोणालाही, कोणत्याही दिवशी, कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे आचरण आहे. आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी कधी धीर करून मन मोकळे करू लागली, तर तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये न बोलणे, हे त्याच्या पुढचे पाऊल.

वर्षावासातील वाचनाला तो अबोल तरुणही येतो, आणि भिंतीला टेकून, शेवटच्या ओळीत बसतो. तिसरे शील तो म्हणतो ते आपल्याच आवाजात आवाज मिसळून, आणि त्याच्या तोंडी त्या शब्दांचा अर्थ आपल्याहून निराळा नाही : माझ्या प्रेमाने कोणाला दुःख होऊ नये. ते पाळावयाचे वचन तो देत आहे. त्याला पायऱ्यांवर गाठून दुःख देणार नाही, हे वचन आपल्याकडून येणे आहे.