गुणांची बेरीज आणि न्याय

पहूरसारख्या गावातील शाळेत आंतरशालेय वादविवाद स्पर्धा असली की सकाळपासून लगबग असते. आसपासच्या गावांची मुले एस.टी.तून उतरतात, फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिलेला असतो, घंटा घेऊन वेळाधिकारी बसतात. सायंकाळी फिरती ढाल एका शाळेकडे जाते आणि परतीच्या गाडीत एखादी मुलगी गप्प बसलेली असते. 'माझे चुकले कुठे?' हा तिचा प्रश्न. कधी कधी तिचे काहीच चुकलेले नसते. चूक बेरजेत असते. ती कशी, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

तीन परीक्षकांनी क, ख, ग या तीन वक्त्यांना शंभरपैकी असे गुण दिले :

पहिले परीक्षक : क ७८, ख ७६, ग ७०
दुसरे परीक्षक : क ७७, ख ७४, ग ७२
तिसरे परीक्षक : क ४५, ख ६२, ग ८०

बेरीज केली तर क ला २००, ख ला २१२ आणि ग ला २२२ गुण मिळतात. ग पहिला, क शेवटचा. पण दोन परीक्षकांच्या मते तर क पहिला आणि ग शेवटचा होता! बहुमताचा निकाल पार उलटा झाला.

याचे कारण गुणांच्या पसरटपणात आहे. पहिल्या परीक्षकांच्या कमाल व किमान गुणांत ८ चे अंतर आहे, दुसऱ्यांच्या ५ चे, तिसऱ्यांच्या मात्र ३५ चे. बेरजेत ज्याचे अंतर मोठे त्याचे मत जड. परीक्षक नुसते कडक असतील तर बिघडत नाही. सर्वांनाच दहा-दहा गुण कमी दिले तरी क्रम तोच राहतो. (स्पर्धा दोन खोल्यांत, वेगवेगळ्या परीक्षकांपुढे चालली असेल, तर मात्र कडकपणाही आड येतो.)

यावर सोपा उपाय म्हणजे गुणांऐवजी क्रमांकांची बेरीज करणे. क चे क्रमांक १, १, ३ म्हणजे ५. ख चे २, २, २ म्हणजे ६. ग चे ३, ३, १ म्हणजे ७. सर्वांत कमी बेरीज क ची, म्हणून क विजयी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा यांनी मतदानासाठी अशीच पद्धत सुचवली होती. तिच्यातही उणीव आहे. एका गुणाचा फरक आणि वीस गुणांचा फरक तिला सारखाच दिसतो. म्हणून एखाद्या परीक्षकाचे मत इतरांपासून फारच दूर असेल, तर निकालापूर्वी त्यांना कारण विचारावे. इतरांच्या नजरेतून निसटलेली एखादी गोष्ट त्यांनी टिपलेली असू शकते.

ही चर्चा गुणपत्रके भरून झाल्यावरच व्हावी. बोर्दांचे समकालीन काँदोर्से यांनी १७८५ साली केलेल्या मांडणीतून याचे गणित समजते. प्रत्येक परीक्षकाचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर तिघांच्या बहुमताचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता ७८.४ टक्के होते. अट एकच, तिघांनी स्वतंत्रपणे विचार केलेला असावा. शेजाऱ्याच्या कागदावर नजर गेली की तीन परीक्षकांचा एकच परीक्षक होतो.

मनाचेही काही खेळ असतात. एका गुणाची छाप दुसऱ्या गुणांवर पडते, हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवले. अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांच्या बुद्धीला, शरीरयष्टीला आणि नेतृत्वाला दिलेले गुण संशयास्पद वाटावेत इतके मिळतेजुळते होते. आपल्याकडेही खणखणीत आवाजाच्या मुलाला 'मुद्दे' या रकान्यातही नकळत जास्त गुण पडतात. क्रमाचाही परिणाम होतो. ब्रसेल्सच्या राणी एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असूनही नंतरच्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. म्हणून पहिल्या दोन-तीन वक्त्यांचे गुण पेन्सिलीने लिहावेत आणि शेवटी एकदा पुन्हा पाहावेत.

मग गुण कशाला द्यायचे? आपल्या परंपरेत याचा बारकाईने विचार झालेला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत सत्यशोधनासाठीचा 'वाद', जिंकण्यासाठीचा 'जल्प' आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ खंडन करणारी 'वितंडा' असे भेद केले आहेत, आणि पराभवाची २२ 'निग्रहस्थाने' सांगितली आहेत. विषय सोडून भलतेच बोलणे (अर्थांतर), प्रतिपक्षाचे म्हणणे परत मांडता न येणे (अननुभाषण), उत्तर न सुचणे (अप्रतिभा) ही त्यांपैकी काही. तीनदा सांगूनही सभेला न कळेल असे बोलणे हाही दोष मानला आहे. पण बोलण्याचा हेल हा त्या यादीत दोष नाही. अहिराणी किंवा तावडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलीचे म्हणणे सभेला कळत असेल, तर केवळ हेल वेगळा म्हणून तिचे गुण कापणे हा वादाचा न्याय नव्हे. मुद्दे व पुरावा, प्रतिवाद, मांडणी आणि स्पष्टता यांचे रकाने आणि त्यांचे गुण आधीच ठरवून स्पर्धकांनाही सांगावेत. स्वतःच्या शाळेच्या वक्त्याला परीक्षकाने गुण देऊ नयेत.

शिक्षकमित्रांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. वर्गात छोटा वादविवाद घ्या आणि बाकीच्या मुलांना परीक्षक करा. निकाल एकदा गुणांच्या बेरजेने आणि एकदा क्रमांकांच्या बेरजेने काढा. दोन निकाल वेगळे आले, तर त्यांतला न्याय्य कोणता आणि का, यावर मुलांना बोलू द्या. कदाचित तोच त्या दिवसाचा सर्वांत चांगला वादविवाद ठरेल.