एंजिनातील तेल उपसणारा हातपंप : निवड कशी करावी?

बेंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकुरू रस्त्याच्या अंगाला, पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. 1970 च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत लहानमोठे हजारो कारखाने आहेत. कोठे लेथवर सुटे भाग कातले जातात, कोठे साचे घडविले जातात, तर कोठे हायड्रॉलिक यंत्रसामग्री जुळविली जाते. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि पीण्यातील कारागीर आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील खलाशी यांच्यापुढे एक अडचण सारख्याच स्वरूपात उभी राहते. एंजिनाच्या तळाशी साठलेले जुने तेल बाहेर कसे काढावे, ही ती अडचण होय.

मोटारीत हे काम सोपे असते. एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्राला कारागीर चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाशी एक बूच असते. ते सैल केले की तेल आपल्याच वजनाने खालच्या भांड्यात उतरते. परंतु मासेमारीच्या बोटीत एंजिन तळाच्या अगदी जवळ बसविलेले असते. चेंबरखाली भांडे सरकविण्यास तर नाहीच, पुष्कळदा हात घालण्यासही जागा उरत नाही. बूच कसेबसे सोडलेच, तर तेल बोटीच्या तळात सांडते व तेथे साचलेल्या खाऱ्या पाण्यात मिसळते. पुढे ते पाणी उपसून टाकले जाते, तेव्हा तेलही समुद्रात जाते. पीण्यात वीज खंडित झाली की ज्या डिझेल जनित्रांचा आधार घ्यावा लागतो, त्यांपैकी ध्वनिरोधक पेटीत बंद असलेल्या जनित्रांची स्थिती यासारखीच असते.

अशा ठिकाणी तेल खालून न सोडता वरून उपसावे लागते. तेलाची पातळी मोजण्याची पट्टी ज्या नळीत असते, त्याच नळीतून एक बारीक नळी चेंबरच्या तळापर्यंत सोडतात आणि हातपंपाने तेल वर घेतात. हा पंप कोणता घ्यावा, हे ठरविण्यापूर्वी त्याचे कार्य कसे चालते हे समजून घेतले पाहिजे.

तेल वर कोण ढकलतो?

पंप तेल ओढतो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः पंप फक्त नळीतील हवा काढून घेतो. तेलाला वर ढकलते ती बाहेरची हवा. शोषपंप सुमारे दहा मीटरांपेक्षा अधिक उंचीवर पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओच्या काळी कारागिरांना ठाऊक होते. कारण मात्र उमगले नव्हते. 1643-44 च्या सुमारास टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने पाऱ्याने भरलेली नळी उपडी करून तो उलगडा केला. पारा सुमारे 76 सेंटिमीटरांवर थांबला. तेवढ्या पाऱ्याचे वजन आणि बाहेरच्या हवेचा दाब यांचा तोल त्या उंचीवर साधला जातो.

समुद्रसपाटीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे एक किलोग्रॅम भरतो. त्या बळावर पाणी अधिकात अधिक 10.3 मीटर चढू शकते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असल्यामुळे तेथील हवेचा दाब जवळजवळ एक दशांशाने कमी असतो. पीण्यात पाण्याची हीच मर्यादा सुमारे 9.3 मीटर होते. एकच हातपंप दोन्ही ठिकाणी सारख्याच कसोशीने चालविला, तर पीण्यात ज्या कामास दहा मिनिटे लागतात ते मिरकरवाड्यास सुमारे नऊ मिनिटांत उरकेल.

यावरून वाचकाच्या लक्षात येईल की, उंची ही येथे मुळी अडचणच नाही. बोटीत तेल जेमतेम एक मीटर चढवावयाचे असते, आणि तेल पाण्याहून हलके असते. मग पंप चालविणाऱ्याचा हात दुखून येतो तो कशामुळे?

खरा विरोध : दाटपणा आणि बारीक नळी

उत्तर आहे तेलाच्या दाटपणात. शास्त्रीय परिभाषेत त्यास श्यानता म्हणतात. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने केसासारख्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, या जिज्ञासेने 1840 च्या आसपास काचेच्या सूक्ष्म नळ्यांवर प्रयोग केले. त्याला आढळलेला नियम असा : नळीची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो, श्यानता दुप्पट झाली तरीही निम्मा होतो, परंतु नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळा पट वाढतो.

हा नियम डिझेल एंजिनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या 15डब्ल्यू-40 प्रतीच्या तेलास लावून पाहू. समजा, नळीचा आतील व्यास 5 मिलिमीटर, लांबी दीड मीटर आणि पंपाने निर्माण केलेला दाबाचा फरक वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून किंचित कमी आहे. चेंबरमध्ये 10 लिटर तेल आहे. तेल 25 अंश सेल्सिअसवर थंड असेल, तर ते उपसण्यास सुमारे सव्वा तास लागेल. 40 अंशांवर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ पुरेल. 60 अंशांवर पाव तासात काम संपेल. 5 ऐवजी 6 मिलिमीटर व्यासाची नळी आत जाऊ शकली, तर प्रत्येक वेळी यातील निम्माच काळ लागेल.

म्हणून पंपाची किंमत विचारण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पट्टीच्या नळीतून जास्तीत जास्त किती जाड नळी जाऊ शकते हे मोजावे, आणि एंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट करून घ्यावे. उपसण्यापूर्वी एंजिन अर्थातच बंद करावे. तेल फार तापविणे मात्र धोक्याचे आहे. त्याने त्वचा भाजते, आणि प्लॅस्टिकची नळी मऊ पडून आतल्या आत चपटी होते.

पंपांचे प्रकार

पहिला प्रकार दट्ट्याच्या पंपाचा. पितळी नळकांड्यात दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि दोन झडपा तेलाला एकाच दिशेने जाऊ देतात. हा पंप टिकाऊ व स्वस्त असून घरच्या घरी दुरुस्त होतो. परंतु एका खेपेस 100 मिलिलिटर तेल येत असेल, तर 15 लिटरांसाठी 150 खेपा माराव्या लागतात. तीन-चार लिटर तेलाच्या लहान एंजिनास तो योग्य होय.

दुसरा प्रकार निर्वात भांड्याचा. यात प्रथम भांड्यातील हवा काढून घेतात. मग तेल आपोआप भांड्यात येत राहते. पंपातून तेल जात नसल्यामुळे त्याच्या झडपा गाळाने तुंबत नाहीत. मात्र भांडे भक्कम हवे. निम्मी हवा काढली, की बाहेरची हवा भांड्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे अर्धा किलोग्रॅम भार टाकते. सपाट बाजूंचा साधा डबा त्याने चेपून जातो. गोल घडणीचे भांडे टिकते. भांड्याचा आकार शक्यतो चेंबरमधील तेलापेक्षा मोठा असावा, म्हणजे मध्येच ते रिकामे करण्याचा आणि हलत्या बोटीत तेल सांडण्याचा प्रसंग येत नाही.

तिसरा प्रकार पडद्याच्या किंवा दंतचक्राच्या पंपाचा. हा एंजिनाशेजारी कायमचा बसवितात. ज्या बोटीत तेल अधिक आणि वर्षातून अनेकदा बदलावयाचे असते, तेथे हा खर्च वाया जात नाही. या पंपांतील रबर तेलास टिकणारे, उदाहरणार्थ नायट्राइल जातीचे, आहे की नाही हे अवश्य विचारावे. साधे रबर तेलाने फुगते व काही काळातच पंप निकामी होतो.

प्रकार कोणताही असो, त्याच्या झडपा व वाटळ्या गावच्या बाजारात मिळतात काय, हा प्रश्न शेवटी महत्त्वाचा ठरतो. वंगणासाठी घेतलेला पंप पेट्रोल उपसण्यास कधीही वापरू नये. पेट्रोलची वाफ पेट घेते.

उपसलेले तेल मोजावे

नळीचे टोक तळाच्या सर्वांत खोल भागी पोहोचले नाही, तर काळे, गाळयुक्त तेल मागे राहते व नवे तेल ओतताच त्यात मिसळते. यास उपाय सोपा आहे. बाहेर आलेले तेल मोजावे आणि एंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. ते फारच कमी भरले, तर नळी किंचित वरखाली करून पुन्हा उपसावे. तेल दुधाळ दिसले, तर एंजिनात पाणी शिरत आहे असे समजावे. अशी बोट तपासणीवाचून समुद्रात नेऊ नये. किनाऱ्यापासून दूर एंजिन बंद पडणे म्हणजे तांडेल व खलाशी यांच्या जिवाशीच गाठ असते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यापूर्वीच तेल बदललेले बरे. जुन्या तेलातील आम्ले व ओल हे दोन महिने एंजिनाच्या आतील भाग खात राहतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर त्याचे फळ भोगावे लागते.

शेवटचा प्रश्न या जुन्या तेलाचे काय करावे हा. मोठ्या जहाजांनी यंत्रकक्षातील पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांत 15 भागांहून अधिक तेल असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लहान बोटीवर तसे मोजमाप ठेवणारे कोणी नसते. समुद्राला मात्र तेल लहान बोटीचे की मोठ्या जहाजाचे, हा भेद कळत नाही. पीण्यातील कारखानदाराने तेल गटारात ओतले तर ते समुद्रापासून दूर राहील, हीही समजूत खोटी आहे. तेथील सांडपाण्याचा काही भाग वृषभावती नदीच्या खोऱ्यात उतरतो. वृषभावती अर्कावतीस, अर्कावती कावेरीस आणि कावेरी समुद्रास मिळते. भारतात वापरलेल्या तेलाची गणना 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होते, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावयाचे असते. शुद्ध केल्यावर त्याचे पुन्हा वंगण होऊ शकते.

तेव्हा चांगल्या हातपंपाची कसोटी केवळ तो तेल किती लवकर उपसतो ही नव्हे. चेंबरमधून निघालेला थेंब न् थेंब झाकणाच्या डब्यात जमा झाला पाहिजे. ज्या पंपाने हे साधते, तोच निवडावा. मग तो पीण्याच्या जनित्राशेजारी असो वा मिरकरवाड्याच्या बोटीत.