रोजचं रसायन : लेखांक ७
राजूरची आग, बोरी अरबची भिंत

दिवाळीआधी घराला चुना मारायचा तर आदल्या दिवशीच अंगणात पिंप निघतं. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात हे सांगावं लागत नाही. पिंपात पाणी असतं, त्यात कळीच्या चुन्याचे खडे पडतात. क्षणभर काहीच घडत नाही. मग खडे तडकतात, पाणी रटरटू लागतं, वाफा निघतात. खाली ना चूल, ना सरपण. मग ही उष्णता आली कुठून?

पाण्यातून नाही आणि आकाशातूनही नाही. ती चुन्याच्या खड्यातच दडून आलेली असते. आपल्याच जिल्ह्यात, वणी तालुक्यातल्या राजूर भागात चुनखडीही आहे आणि कोळसाही, म्हणून तिथे चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या. भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापते, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडीला या बदलासाठी सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते आणि तिच्यापासून ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो. कोळशाने दिलेली ही उष्णता खडा गार झाला तरी संपत नाही. पदार्थच बदलला आहे, आणि ती त्या बदलात साठली आहे.

पिंपात त्यातला एक हप्ता परत मिळतो. त्या ५६ ग्रॅम चुन्याने पाणी शोषलं की सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. किलोभर चुन्याचा हिशेब केला, तर तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून चुना विरवताना मुलांना दूर ठेवा. खडे नेहमी पाण्यात थोडे थोडे सोडा, खड्यांवर पाणी ओतू नका. डोळ्यात उडालेला थेंब भाजतो आणि नुसता भाजून थांबत नाही.

अशा क्रियांना उष्मादायी म्हणतात. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो दहावी-बारावीच्या वह्यांतही सापडतो : बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते. नेमकं उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते, ती मिळते नवे बंध जुळताना. चुना आणि पाणी यांच्यात नवे बंध जुळताना खर्चापेक्षा जास्त ऊर्जा हाती येते, म्हणून पिंप तापतं.

उलटा व्यवहार कपाशीच्या धुऱ्यावर दिसतो. पंधरा लिटरच्या पंपासाठी दोन टक्क्यांचं द्रावण करायचं म्हणून ३०० ग्रॅम युरिया आधी दोन लिटर पाण्यात ढवळा. बादली हाताला गार लागते, पाणी सात-आठ अंशांनी उतरतं. युरियाचे स्फटिक सुटे करायला जितकी ऊर्जा लागते, तितकी पाण्याच्या ओढीतून परत मिळत नाही. तूट पाण्यातूनच भरून निघते. काटेकोर बोलायचं तर ही नुसती विरघळण्याची क्रिया आहे, पण ऊर्जेचा हिशेब तोच. तिला उष्माग्राही म्हणतात.

पुन्हा चुन्याकडे. १७८ दिले, ६५ परत आले. उरलेले ११३ कुठे गेले? ते भिंतीवर आहेत. चुना वाळला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होऊ लागतो, म्हणून लेप हळूहळू घट्ट होतो. या क्रियेत सुमारे ११३ किलोज्यूलच बाहेर पडतात. वाट कोणतीही असो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर ऊर्जेची बेरीज जुळते, हा नियम जर्मेन हेस यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४० साली मांडला. तो आपल्या ओसरीवरही तंतोतंत जुळतो, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

फक्त ही शेवटची उष्णता इतकी सावकाश निघते, दिवस-महिने घेत निघते, की भिंतीला हात लावला तरी कळत नाही. पिंपात मिनिटांत उसळला तो हप्ताही भट्टीतल्या त्याच उष्णतेचा होता. फरक वेगाचा आहे. त्या वेगाबद्दल पुढच्या आठवड्यात.