नाव कळलं, गाव कुठलं?

मे महिन्यात इंग्लंडच्या रानात पिवळ्या, दोन ओठांच्या फुलांचं एक रोप दिसतं. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं. तुळस निरखून पाहिलेल्या कुणालाही कुळ चटकन कळेल. (नुसत्या चौकोनी दांड्यावर भिस्त ठेवू नये, फिगवर्ट या रोपाचा दांडाही चौकोनी असतो, पण ते तुळशीच्या कुळातलं नाही.) मोबाइलचं ॲप ‘यलो आर्केंजल’ असं नाव सांगतं आणि ते बरोबर असतं. तरी रोप मूळचं तिथलं की बागेतून आलेलं, हे त्या नावावरून कळत नाही. कारण लॅमियम गॅलिओब्डोलॉन या प्रजातीत रानातला मूळ ‘मोन्टॅनम’ही येतो आणि पानांवर चंदेरी पट्टे मिरवणारा बागेतला ‘अर्जेन्टॅटम’ही.

प्रजाती एकच, मग एवढा कीस कशाला, असं कुणी म्हणेल. मधमाश्यांचं कदाचित काही अडत नसेल, पण रानाचा इतिहास वाचणाऱ्याचं अडतं. मूळ रोपाच्या बीला तेलकट गर चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी वारुळाकडे नेतात, आणि मुंगीची धाव ती किती! बी आणि मुंगीचं हे नातं स्वीडनच्या रुटगर सेर्नांडर यांनी 1906 मध्ये आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलं. इतक्या संथपणे पसरणारं रोप दिसलं, तर रान जुनं असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमध्ये 1600 पासून सलग टिकलेल्या रानाला प्राचीन मानतात, आणि अशा सूचक वनस्पतींवरून रानं जोखण्याची पद्धत जॉर्ज पीटरकेन यांनी 1974 मध्ये मांडली. चंदेरी प्रकार मात्र धावत्या खोडांनी झपाट्याने जमीन झाकतो आणि बागेच्या कचऱ्यातून रानाच्या कडेला रुजतो. त्याला जुन्या रानाचा साक्षीदार मानलं, तर ती खोटी साक्ष. तो रानात लावणं 2010 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा आहे. स्वतःच्या बागेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूळ रोपाच्या पानांवरही कधी कधी फिकट ठिपके असतात. म्हणून एका पानावर निकाल देऊ नये. अख्ख्या ताटव्यात पानोपानी रुंद चंदेरी पट्टे असतील, ते हिवाळ्यातही टिकत असतील आणि जवळच घरं किंवा गाड्या थांबायची जागा असेल, तर रोप बागेतलंच समजावं. नोंद पाठवताना फुलाबरोबर पानांचाही फोटो जोडा आणि सर्वांत जवळचं घर किती लांब आहे, तेही लिहा.