वृद्धांचें मनोदुःख

घरांतील आजोबा चार दिवस जेवले नाहींत तर लागलीच डॉक्टरांना बोलावणें जातें. परंतु तेच आजोबा चार महिने कोणाशीं धड बोलले नाहींत, तर "वय झालें आतां" एवढें म्हणून आपण आपल्या कामाला लागतों. ह्या दुसऱ्या प्रसंगींहि डॉक्टरांची गरज असूं शकते, हें येथें सांगावयाचें आहे. उतारवयांत केस पिकतात, ऐकूं कमी येतें, गुडघे कुरकुरतात; तें वयाचें देणें होय. पण सतत उदास राहणें, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींवरून मन उडणें, कारणावांचून धास्ती वाटणें, हें वयाचें देणें नव्हे. असें दोन आठवड्यांहून अधिक चाललें, तर त्यामागें नैराश्य किंवा चिंताविकार असण्याचा संभव असतो. आणि हे दोन्ही विकार बरे होण्याजोगे आहेत.

अडचण अशी कीं, आपल्याकडील वृद्ध मनुष्य "मी उदास आहें" असें सहसा म्हणत नाहीं. तो म्हणतो, "छातींत धडधडतें, अन्नावर वासना नाहीं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाहीं." आजी म्हणते, "जीव कसानुसा होतो." मग दवाखान्यांत रक्तदाब मोजला जातो, शक्तीच्या औषधाची एखादी बाटली मिळते, आणि मूळ दुःख जसेंच्या तसें राहतें. कधीं कधीं विसरभोळेपणाच वाढतो व घरचीं माणसें समजतात कीं, ह्यांची स्मृति गेली. वास्तविक मन खिन्न झालें म्हणजे कशांतच लक्ष लागत नाहीं. नैराश्य ओसरलें म्हणजे स्मृतिहि पुष्कळदां सुधारते. उलट, थायरॉईड ग्रंथीचा बिघाड किंवा एखादें नेहमींचें औषध हेंच उदासीचें कारण असूं शकतें. म्हणून शरीराची तपासणी टाळूं नये. मात्र तेवढ्यावर थांबूंहि नये.

आपल्यासारख्या देशांत हें दुखणें अधिक जड कां होतें? २०११ च्या जनगणनेंत भारतांत ६० वर्षें व त्यावरील वयाचीं माणसें १० कोटींहून अधिक होतीं. त्यांतील बहुतेकांचा जन्म शेतांत, मजुरींत किंवा चुलीपुढें गेला. त्यांना निवृत्तिवेतन कोठलें? तरुण मुलें मुंबईस किंवा आखाती देशांत जातात, आणि मागें मोठें घर व दोन म्हातारीं माणसें उरतात. त्यांतलें एक गेलें म्हणजे दुसऱ्यानें बोलावें कोणाशीं? औषधाच्या दहा रुपयांसाठीं सुनेपुढें हात पसरणें हें तर, माझ्या मतें, उपासापेक्षांहि अधिक टोचतें. आणि इतकें होऊन उपचार करावयाचा म्हटला, तर आपल्या देशांत लाख लोकांमागें एक मनोविकारतज्ज्ञहि येत नाहीं, व जे आहेत ते बहुतेक शहरांत.

ह्या अडचणींतून वाट काढण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारींच, गोव्यांत, झाला. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी, 'संगथ' ही संस्था आणि अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठ यांनीं मिळून ६० वर्षें व त्यावरील वयाचीं १८१ माणसें निवडलीं. त्यांना पुरता आजार जडला नव्हता. त्याचीं चिन्हें मात्र दिसूं लागलीं होतीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमींचेच उपचार मिळाले. दुसऱ्या गटाकडे थोडें शिक्षण देऊन तयार केलेलीं सामान्य माणसें जात. तीं डॉक्टर नव्हतीं. तीं प्रथम ऐकून घेत. मग अनेक काळज्यांतून एकच निवडून, तीवर काय करतां येईल तें त्या वृद्धाकडूनच वदवून घेत, आणि त्यांतला एक उपाय करून पाहण्यास सांगत. समजा, मुलाचा फोन येत नाहीं ही काळजी असेल, तर अमक्या वारीं आपणच फोन करावा, एवढा लहानसाहि उपाय चालतो.

झोंपेविषयींचे नियम तर कोणत्याहि घरांत उपयोगी पडतील. रोज सकाळीं ठराविक वेळीं उठावें, मग रात्र कशीहि गेलेली असो. डोळ्यांवर झोंप आल्यावांचून अंथरुणाकडे जाऊं नये. झोंप न लागल्यास तळमळत पडून न राहतां उठून बसावें. आणि अंथरुणांत घालविण्याचे तासच कमी करावे. ह्यांखेरीज मधुमेहासारख्या दुखण्यांत काय जपावें व सरकारी मदत कोठें मिळते, हेंहि ह्या वृद्धांस सांगितलें जाई.

वर्षभरांत पहिल्या गटांतील ९० जणांपैकीं १३ जणांना नैराश्याचा पुरता आजार जडला; दुसऱ्यांतील ९१ जणांपैकीं फक्त ४ जणांना. हा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. संख्या लहान आहे, तिजवरून साऱ्या जगाचें अनुमान बांधूं नये. तथापि येणारें दुखणें वाटेंतच अडवितां येतें एवढें त्यावरून दिसतें.

असें ऐकून घेणारें माणूस स्वतःच वृद्ध असलें तर? झिंबाब्वेची राजधानी हरारे येथें डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं तेंच करून पाहिलें. म्बारे नांवाच्या गरीब वस्तींत १४ आज्यांना शिकवून त्यांनीं दवाखान्याबाहेरच्या बांकांवर बसविलें, व दुःखी माणसें त्यांच्याशीं येऊन बोलूं लागलीं. तेथील शोना भाषेंत ह्या दुखण्याला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणें, असें म्हणतात. आज्यांनीं परका वैद्यकीय शब्द न वापरतां हाच घरगुती शब्द वापरला. ज्या वयांत आपल्याकडे माणसाला ओसरीवर बसवून ठेवतात, त्या वयांत त्या बायका एका शहराच्या उपयोगीं पडल्या!

मात्र सर्वच दुखणीं बोलण्यानें बरीं होत नाहींत. आजार वाढला असेल तर औषध लागतें, आणि तें डॉक्टरांनींच द्यावें. वृद्ध मनुष्यानें अन्न सोडलें, किंवा "आतां जगणें नको" असें तो वारंवार म्हणूं लागला, तर तें बोलणें हंसण्यावारीं नेऊं नये. त्याला एकटें न ठेवतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. ज्यांना जवळ कोणी डॉक्टर नाहीं, त्यांच्यासाठीं सरकारनें २०२२ सालीं 'टेलि-मानस' ही सोय सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा व रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें. वृद्धांच्या इतर अडचणींसाठीं १४५६७ हा निराळा क्रमांक आहे. हे दोन्ही आंकडे मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या फोनजवळ लावून ठेवावे.