मतिमंदत्व, स्वमग्नता आणि पूर्वकर्माचा गैरसमज

एखाद्या घरी मतिमंद मूल जन्माला आले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न "डॉक्टर काय म्हणाले?" असा नसतो, तर "कोणाच्या घराण्यात होते?" असा असतो. मग बोट आईकडे वळते. १९५६ साली आपण दैववाद सोडला, तरी "मागल्या जन्मीचे भोग" हे शब्द आपल्या तोंडून अजून गेलेले नाहीत. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने, चार वर्षांचा मुलगा बोलत नाही म्हणून आधी अंगारेधुपारे केले आणि नंतर सुनेला माहेरी पाठविले. मुलाची तपासणी मात्र कोणीच केली नाही. त्या घरातही बाबासाहेबांचा फोटो आहे, याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, माणसाच्या वाट्याला येणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते, हे खरे काय? तथागत ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी आठ कारणे ते सांगतात. कर्म हे त्यांतील केवळ एक. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेच्या कसोटीवर तपासून नाकारला आहे. मूल आईबापांचे गुण घेऊन येते, हा शास्त्राचा नियम त्यांनी पुढे ठेवला.

हा नियम आपल्याला सिकलसेलमुळे ठाऊक आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले, आणि आज यवतमाळ जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही 'एएस' म्हणजे वाहक व 'एसएस' म्हणजे रुग्ण हे कळते. जनुकातील एका अक्षराची चूक, तिने रक्तातील एक प्रथिन बदलते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. मेंदूच्या बाबतीत प्रकार असाच आहे, पण गुंतागुंत फार. मतिमंदत्व आणि स्वमग्नता यांच्याशी संबंध असलेली शेकडो जनुके आता सापडली आहेत.

एवढी जनुके आणि लक्षणे मात्र सारखी, हे कसे? बँकेतील जुन्या पद्धतीचे उदाहरण घेऊ. ग्राहकाने चेक दिला की टोकन मिळे, लेजरला नोंद होई, अधिकारी पास करी आणि मग रोखपाल पैसे देई. मेंदूच्या पेशीतही असेच चालते. शेजारच्या पेशीचा निरोप पेशीच्या आवरणावरील ग्राहक-प्रथिन घेते. तेथून तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो आणि शेवटी, जेथे दोन पेशी जोडल्या जातात त्या ठिकाणी, नवे प्रथिन तयार होते. मूल शिकते ते या जोडण्या पक्क्या झाल्याने आणि नको त्या गळाल्याने.

या साखळीत 'पास करणारा अधिकारी' असतो. एफएमआर-१ या जनुकापासून होणारे प्रथिन हे काम करते. निरोप येईपर्यंत ते उत्पादन रोखून धरते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे व १९९१ साली सापडले. त्यात सीजीजी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. सामान्यतः ४४ पर्यंत, पण ती २०० च्या वर गेली की जनुक बंद पडते. अधिकारीच नाही म्हटल्यावर रोखपाल येईल तो चेक वटवीत सुटतो. जोडण्यांजवळ प्रथिनांचे उत्पादन बेसुमार होते आणि त्या कच्च्या राहतात. यालाच 'फ्रॅजाइल एक्स' म्हणतात. एका जनुकामुळे वंशातून येणाऱ्या मतिमंदत्वाचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. अशा अनेक मुलांत स्वमग्नताही दिसते. मुलाला एकच एक्स असतो, म्हणून त्रास मुलग्यांना जास्त. तो एक्स आईकडून येतो हे खरे, पण आईला तो तिच्या आई किंवा वडिलांकडूनच आलेला असतो. तिने काही तो निवडून घेतलेला नाही.

टीएससी-१ आणि टीएससी-२ ही जनुके याच कामाच्या दुसऱ्या खिडकीवर लगाम धरतात. ती बिघडली तरी उत्पादन बेसुमार होते. म्हणजे खिडक्या अनेक, पण रांग एकच. उंदरांवर ही रांग औषधाने आवरता आली, मात्र फ्रॅजाइल एक्सच्या माणसांवरील चाचण्यांत अपेक्षित यश आले नाही. तेव्हा "मेंदू सुरू करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पुष्कळदा तर बदल आईबापांत नसतोच, तो मुलातच नव्याने घडतो. डाऊन्स सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र एक जादा असते (हे १९५९ मध्ये कळले) आणि तेही बहुधा वंशातून आलेले नसते. शिवाय सर्वच काही जनुकांचे नाही. जन्मतः थायरॉईड कमी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलेली साधी गोळी मुलाची बुद्धी वाचविते. उशीर झाला की गेलेले परत येत नाही. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या प्रथेचाही विचार व्हावा, कारण जवळच्या नात्यात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते.

चुल्लपन्थक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती पांढरे फडके दिले आणि ते चोळीत बसण्यास सांगितले. फडके मळत गेले व त्याला अनित्यता उमगली. अट्ठकथाकारांनी येथेही मागल्या जन्माची कथा जोडली आहे, ती आम्हाला पटत नाही. फडके मात्र पटते. पाठांतर जमत नाही, तर हाताने शिकवा. आजच्या विशेष शाळाही हेच करतात.

मूल दीड वर्षाचे होऊनही नावाला ओ देत नसेल, बोट दाखवीत नसेल, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यास दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि आपला सिकलसेलही आहे. प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून मिळते. बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आईबापांच्या पश्चात पालक नेमण्यासाठी त्याच न्यासाच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. फॉर्म भरताना अडचण आल्यास आम्हाला रविवारी विहारात भेटावे.